लिंबाळवाडीची हत्तीवाट

पाहुणे, दोन्ही हातांना दिसते ती आमच्या लिंबाळवाडीची सगळ्यात कसदार जमीन. तिच्या मधोमध हा गवताचा पट्टा थेट मांजरा नदीपर्यंत गेलाय. दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा रुंद. याला हत्तीवाट म्हणतात. इथं कुणी नांगर घालत नाही, कुंपणही करत नाही. गावात हत्ती मात्र कुणी पाहिलेला नाही.

असं सांगतात की, बेदरच्या सुलतानांचा अंमल असताना गावची पाटीलकी जैतोजीकडे होती. माणूस कष्टाळू, पण जमिनीचा लोभ मोठा. उन्हाळ्यात धनगर याच पट्ट्यावरून मेंढरं पाण्यावर नेत. एवढी काळी माती मेंढरांच्या पायाखाली वाया जाते, हे त्याला खुपायचं. एका वर्षी त्यानं वाटेत आडवा चर खणायला घेतला आणि राखण बसवली.

त्याच सुमारास धुरपा नावाची धनगरीण कळप घेऊन आली. नवरा आदल्या साली गेलेला, कळप तिच्या एकटीच्या जिवावर. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून होती. तान्ही कोकरं तेवढं चालणार नव्हती. तिनं परोपरीनं विनवलं. जैतोजी ऐकेना. मग ती कळप घेऊन चराच्या काठावरच बसली. समोर नदी दिसत होती आणि कोकरं तहानेनं एकेक करून मरत होती.

चर खणताना एकाची कुदळ खणकन वाजली. माती सारली तर हाड निघालं, दगडासारखं जड. मग पाट्याएवढी दाढ निघाली, माणसाहून लांब सुळा निघाला. राक्षसाची हाडं आहेत म्हणून मजूर घाबरून वर चढून आले.

नदीकाठी याकूब नावाचा अरब सौदागर उतरला होता, बेदरला घोडे घेऊन निघालेला. चार मुलूख पाहिलेला माणूस म्हणून जैतोजीनं त्याला बोलावलं. याकूब चरात उतरला, सुळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, हे हत्तीच्या कुळातलं जनावर. त्याच्या देशात नुसती वाळू, तिथंही अशा दाढा जमिनीतून निघत. त्याच्या बापानं तर उत्तरेकडं बर्फातून काढलेला असाच सुळा पाहिला होता म्हणे. लोकांना ते पटेना. वाळूत नि बर्फात हत्ती कसा जाईल? याकूबनं सांगितलं, चारापाण्यामागं चालत गेले असतील, पिढ्यान् पिढ्या, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात.

धुरपा काठावरून ऐकत होती. तिनं विचारलं, "एवढ्या मुलखांतून गेले, तर त्यांना वाट कुणी दिली?"

याकूब म्हणाला, "बाई, तेव्हा अडवायला कुणी नव्हतं."

मजुरांनी हळूहळू आणखी माती काढली. मोठ्या सांगाड्याच्या पोटाशी एक लहान जबडा होता, पिलाचा. दोघांची तोंडं नदीकडं होती.

जैतोजी बराच वेळ पाहत उभा राहिला. कुणी म्हणतात तो भ्याला, कुणी म्हणतात शरमला. त्याच्या मनातलं आपल्याला काय ठाऊक? पण त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि स्वतः फावडं घेऊन चराची एक बाजू ढासळवली.

"आधी मेंढरं पाण्यावर जाऊ द्या," तो म्हणाला. "बाकीची माती मागाहून लोटू."

कळप नदीत शिरला. उरलेली कोकरं वाचली. त्या दिवशी जैतोजीनं नदीचं पाणी हातात घेऊन शपथ वाहिली, की या वाटेत त्याच्या घरचा किंवा गावचा नांगर शिरणार नाही. हाडं होती तिथंच झाकली. धुरपा पुढंही दर उन्हाळ्यात येत राहिली. जैतोजीशी ती पुन्हा कधी बोलली नाही, असंही सांगतात.

मागं शहरातून संशोधक आले. वाट खणू द्याल का, म्हणाले. गावानं एकच अट घातली, की मेंढरं यायच्या आत खड्डा बुजवायचा. ती हाडं या मुलखात गावं वसायच्याही आधीची असावीत, असं त्यांनी सांगितलं, आणि फाल्गुनातच वाट सारखी करून दिली.

आजही चैत्र लागला की इथून कळप जातात. वाटेलगतचे शेतकरी तेवढ्यापुरते आपले बैल वाटेवरून शेतात घेतात. कुठून आलात, कुणाचे, असं धनगरांना कुणी विचारत नाही.