उंची दाखवणारं वाक्य

"पण सर, यात चूक काय आहे?"

शेखर डुबलने हे तिसऱ्यांदा विचारलं. हातात खडू, समोर फळा, फळ्यावर त्याचं वाक्य. आणि खुर्चीत शिकलगार सर, डोळे मिटून.

कराडात सरांच्या ओसरीवर गेली बावीस वर्षं इंग्रजीचा वर्ग भरत होता. आता सरांचे गुडघे ऐकेनात. वर्ग कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि तो आपल्याच हाती यावा असं शेखरला मनापासून वाटत होतं. वाटणारच. एम.ए. पहिल्या वर्गात, चारशे वाक्प्रचार तोंडपाठ! अडायचं कुठं?

अडलं ते एका वाक्प्रचारावर.

'कट डाउन टू साइझ.' स्वतःला फार मोठं समजणाऱ्या माणसाला त्याची खरी उंची दाखवून देणं. सर म्हणाले होते, "हा एवढा बरोबर वापरून दाखव. वर्ग तुझा."

हात्तिच्या, एवढंच ना! शेखरने झोकात लिहिलं होतं: आय कट लोंढे नाना डाउन टू साइझ.

"व्याकरण बरोबर आहे," सर म्हणाले. "वाक्य चूक आहे."

"घडलेलं आहे, सर. सगळ्या गावाने पाहिलंय."

ते खरं होतं. लोंढे नाना हायस्कुलातले शिपाई, दोन महिन्यांवर निवृत्ती. शाळेच्या गॅदरिंगला आभार मानायचा मान त्यांना मिळाला आणि त्यांनी ते इंग्रजीत मानले. कागद दोन्ही हातांनी धरून, घाम पुसत. आभारांनी कार्यक्रम संपायचा, पण पाहुणा म्हणून आलेला शेखर पुन्हा बोलायला उठला. त्याने माईक घेतला आणि नानांच्या चुका एकेक करून वाचून दाखवल्या, अगदी नकलेसकट. मांडव हसून हसून लोटपोट झाला. नानाही सरांच्याच वर्गात यायचे. त्या दिवसापासून ते आलेच नव्हते.

"शिपायाने इंग्रजीत आभार मानायचे म्हणजे जरा अतीच झालं होतं, सर."

सरांनी डोळे उघडले.

"कागद वाचायच्या आधी नाना काय म्हणाले होते?"

शेखरला आठवत होतं. चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणाले होते.

"किती मोठा झाला होता रे तो माणूस, तू छाटलास तेव्हा?"

"वर्गाची रीत ठाऊक आहे ना?" सरांनीच पुढे विचारलं.

ठाऊक होती. तिथे वाक्य घडलेलंच लिहायचं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला समोर उभं राहून वाचून दाखवायचं. त्या रीतीपायी सरांच्या पोरांना इंग्रजीत स्तुती छान जमायची आणि निंदा म्हणाल तर बेताचीच.

"आत्ता जाऊ?"

"ऊन उतरायची वाट बघतोस?"

नाना अंगणात शेंगा फोडत बसले होते. शेखरला बघून लगबगीने उठले, पण त्यांच्या बायको, हौसाकाकी, दारातून हलल्या नाहीत.

"आता काय ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या. "अजून एखादी चूक घावली का?"

"अगं, गप. या की, बसा."

शेखर बसला नाही. "नाना, वाक्य वाचायचंय. तुमच्यावर आहे."

"वर्गातलं व्हय? मग वाचा की."

त्याने वाचलं. कुणास ठाऊक कसं, फळ्यावर एवढं ठसठशीत दिसणारं वाक्य त्या अंगणात अगदी पडेल आवाजात बाहेर पडलं.

"म्हंजे काय हो?" नानांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना नवा शब्द हवा होता.

शेखरने अर्थ सांगितला. सांगताना नानांच्या चपलांकडे बघत होता.

नाना विचारात पडले. आपला खिसा चाचपावा तसं ते स्वतःला चाचपत होते. मग बायकोकडे वळले. "अगं, मी मोठेपणा करत होतो का गं?"

"दूध आणायला सांगितलं तर डेरीच्या दारातनं गप्पा मारून रिकामं माघारी येतंय हे माणूस! ते कसला मोठेपणा करतंय!"

नाना हसले. मग त्यांचं हसू ओसरलं.

"नात बेंगळुरूला असती. फोनवर इंग्रजीच बोलती. म्हटलं, एकदा तिच्या भाषेत चार माणसांत बोलावं, कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढील, तिला धाडू. काढला बी. पण तुमचं बोलणंबी त्यातच आलं. मग नाही धाडला." त्यांनी शेंगेची फोलं हाताने गोळा केली. "वाईट वाटलं बघा. लई वाटलं. खोटं कशाला सांगू?"

शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एम.ए., पहिला वर्ग, चारशे वाक्प्रचार… त्यातला एकही कामाला येईना. त्याने हात जोडले.

"नाना, चुकलो मी. सोमवारी वर्गाला या."

"येतो की. तुम्ही आलात, झालं मग."

"हसणार नाही ना कुणी?" काकींनी दारातून विचारलं.

"नाही, काकी. आणि आभार पुन्हा वाचायचे. मी शेजारी बसतो आणि फोनवर व्हिडिओही मीच काढतो. नातीला तो धाडू."

काकी आत गेल्या, आणि थोड्या वेळाने चहा आला. दोन कप होते, आणि एक शेखरचा होता.

परत येताना शेखर हवेत होता. जिवावरचं ओझं उतरलं होतं. शिवाय वाक्यही सापडलं होतं!

ओसरीवर चढला तो थेट फळ्याकडे गेला. जुनं वाक्य पुसलं आणि तेच पुन्हा लिहिलं, फक्त नावं उलटी फिरवून. आता उंची दाखवणारे लोंढे नाना होते आणि ती बघणारा तो स्वतः.

"नाना सोमवारी येतायत, सर. मी माफी मागितली. भर अंगणात, हात जोडून."

"छान केलंस." सरांचा चेहरा खरोखरच उजळला. "मला फार बरं वाटलं, बाळा."

"मग हे वाक्य बरोबर?"

सर चष्मा पुसत राहिले.

"येताना वाटेत किती जणांना सांगितलंस? माफीचं?"

"तिघांना," शेखर म्हणाला. मग, "चौकातला पानवाला धरला तर चौघांना."

सर गदागदा हसले. हसता हसता उठले, गुडघ्यावर हात टेकत फळ्यापाशी आले, आणि ओल्या फडक्याने ते वाक्य पुसून टाकलं.

"हेही चूक."

शेखरला आधी राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही गेलं. तो खडू घेऊन उभा राहिला. एक वाक्य मनात जुळवलं, मोडलं. दुसरं जुळवलं. त्यातही कुठून तरी त्याचा स्वतःचाच फोटो डोकावत होता, सत्काराचा हार घातलेला. तेही मोडलं.

बाहेर मशिदीत दुपार कलल्यावरची असरची अजान झाली. सर टोपी घालून नमाज पढून आले. शेखर तिथेच उभा होता, फळा कोरा होता.

त्याने खडू टेबलावर ठेवला.

जन्मात कुठल्याही मास्तरासमोर त्याने जे म्हटलं नव्हतं, ते आज त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण म्हणताना मुळीच लाज वाटली नाही. उलट मोकळं वाटलं.

"सर, मला नाही येत."

सर खुर्चीत टेकले. पाय लांब केले. बरीच वर्षं उभं राहिलेला माणूस बसतो तसे ते निवांत बसले.

"सोमवारपासून वर्ग तू घे," ते म्हणाले. "आणि सुरुवात याच वाक्प्रचारापासून कर."