राजाच्या तोंडून ‘बाद’

राजा दुर्गसेन बाद होतच नसे! चिंचोका छातीवर बसो, पाठीवर बसो, नाहीतर थेट बेंबीवर, राजाचं आपलं एकच, "लागलाच नाही!"

खेळ होता लुटुपुटूच्या लढाईचा. हातात गलोल, गलोलीत चिंचोका. चिंचोक्याचा डाग काही पडत नाही, म्हणून ज्याला लागला त्यानंच "बाद!" म्हणायचं आणि मुकाट पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचं. म्हणजे सगळा खेळ ज्याच्या त्याच्या इमानावर. प्रधानजी, सेनापती आणि राजगुरू या तिन्ही म्हाताऱ्यांना सगळं स्वच्छ दिसायचं. पण "महाराज, लागला हो!" म्हणायला एकाचीही जीभ उचलायची नाही. उलट टाळ्या पिटायचे!

एक नियम मात्र राजा कसोशीनं पाळी. मागे एकदा चिंचोका पापणीवर बसून त्याचा डोळा वांग्याएवढा सुजला होता. तेव्हापासून मैदानात मुखवटा काढायचा नाही, काढायचाच तर आधी "बाद" म्हणायचं, असा त्याचाच हुकूम होता.

आता या राजाला गावाच्या कडेचं वेळूचं बन आवडलं. लपायला झकास जागा! लगेच दवंडी पिटली, "बन आता खेळाचं. वेळूला कोयता लावायचा नाही!"

बुरुडांच्या पोटावरच पाय आला. सुपं, टोपल्या, धान्याच्या कणग्या, सगळं त्या बनावर. जाणती मंडळी म्हणाली, "राजापुढे शहाणपण चालत नाही, गप बसा." बुरुडाची हौसा गप बसली नाही. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, बन गेलं तर टोपल्या कशाच्या विणायच्या? सेनापतींच्या मिशांच्या?"

सेनापतींनी मिशा झाकल्या.

"जीभ फार चालते गं तुझी!" राजा म्हणाला. "गलोल चालते का? उद्या बनात ये. दिवस मावळायच्या आत माझ्या तोंडून ‘बाद’ काढून दाखव. निघालं तर बन तुमचं. नाही निघालं तर सगळ्या बुरुडांनी गाव सोडायचं!"

"आणि हत्यार?"

"माझ्या शस्त्रागारातलं हवं ते निवड!"

"शब्द दिलात हं, महाराज!"

चैत्राचं ऊन सकाळीच चटके देत होतं. हौसानं शस्त्रागारातून एक साधी, हलकी गलोल उचलली. तोंडाला तिचा स्वतः विणलेला वेळूच्या बारीक जाळीचा मुखवटा होता. चिंचोका अडतो, वारा येतो. राजा नेहमीचा जाड अंगरखा आणि कातडी मुखवटा घालून ऐटीत उभा होता.

हौसानं गालाला हात लावला. "अगंबाई! एवढ्यावरच उतरणार? महाराज, माझा नेम फार वाईट. कुठे लागेल नेम नाही!"

झालं! म्हाताऱ्यांना चेव आला.

"मुखवट्याऐवजी शिरस्त्राण आणा! पोलादी, तोंड झाकणारं!" सेनापती गरजले.

"आत कापसाची टोपी हवी," प्रधानजी म्हणाले.

"गळ्याला गेंड्याच्या कातड्याचा पट्टा! आमच्या काळी त्याशिवाय कोणी अंगणातसुद्धा जात नसे," राजगुरू म्हणाले.

"आमच्या काळी एकावर एक दोन चिलखतं घालत!" सेनापतींनी वरकडी केली.

"मग घाला की दोन!" हौसा म्हणाली. "मोठ्यांचं ऐकावं, महाराज!"

घातली! कमरेला चार गलोली, खांद्यावर चिंचोक्यांच्या पिशव्या. राजाची पार कणगी झाली. डोळ्यांपुढे दोन फटी तेवढ्या उरल्या.

नगारा वाजला. हौसा वेळूंच्या एका बेटाआडून दुसऱ्या बेटाआड पळू लागली. "महाराज, इकडे!" कणगी वळायची, तोवर आवाज दुसरीकडून, "अहो, इकडे!"

सूर्य डोक्यावर आला. पोलाद तव्यासारखं तापलं. घाम डोळ्यांत उतरला, श्वासाची वाफ आतच कोंडली, आणि त्यात राजाचं नाक खाजायला लागलं! फटीतून बोट जाईना. हात हळूच शिरस्त्राणाच्या बंदाकडे गेला.

टण्!

"डोळे सांभाळा, महाराज!" बेटामागून हौसा ओरडली.

हात खाली. पुन्हा खाज, पुन्हा हात वर, पुन्हा टण्!

पारावर तिघे म्हातारे गार पन्हं पीत बसले होते. "वाहवा महाराज! एकही लागला नाही!"

"बाद!" आतून घुमलं. "बाद! अरे मी बाद! काढा हे मढं!"

शिरस्त्राण धाडकन खाली पडलं. राजानं दोन्ही हातांनी नाक खाजवलं आणि प्रधानजींच्या हातातला पेला हिसकून घेतला.

"हे धरायचं नाही!" सेनापती कडाडले. "पोरीनं महाराजांना मारलंच कुठे? सारे चिंचोके टोपावर!"

"खरंच की!" पन्ह्याची मिशी पुसत राजा म्हणाला. "पोरी, तुझा चिंचोका मला लागलाच नाही. मग तू मला बाद केलंस कशानं?"

"चिंचोक्यानं महाराज कधी बाद होतात का?" हौसा म्हणाली. "इतकी वर्षं सगळे मारताहेत आणि लागतच नाही, असं महाराज स्वतः सांगतात. राजाचा शब्द मी खोटा कसा पाडू? म्हणून दुसरं हत्यार घेतलं."

"कुठलं?"

"दोन चिलखतं, पट्टा, टोपी आणि शिरस्त्राण! शस्त्रागारातलं हवं ते निवड म्हणालात ना? मी हेच निवडलं. फक्त ते तुमच्या अंगावर चालवलं, आणि तेही या तिघांच्या हातून!"

राजा असा हसला, की पेला हातातून निसटला!

"बन बुरुडांचं! पिढ्यान्‌पिढ्या!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि पाराकडे वळला. "सेनापती, प्रधानजी, गुरुजी! हे सगळं वाड्यावर परत न्यायचंय. उचलून नाही हं. अंगावर घालून!"