बेटावरची दवंडी

एक होतं बेट. राजा आहे गं त्यात, पण लांब आहे, येईल सावकाश. आधी पाय पांघरुणात घे, वसू. दिगू, तू पण.

तर हे बेट पार उत्तरेला, जिथं समुद्रसुद्धा गारठतो तिथं. त्याच्या पोटात आग आणि डोक्यावर बर्फ. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर गार पट्टी ठेवतात ना, तसं. वाळू काळीकुट्ट. झाड म्हणून नाही, माणूस म्हणून नाही. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र.

पण कुणी राहत नाही म्हणून काय झालं? राज्य हवंच! राजा राहायचा दक्षिणेला, आणि बेटाचा कारभार बघायचे तिमाजीपंत कारभारी. बघायचे म्हणजे काय, समुद्राच्या अलीकडे गादीवर बसून. बेट त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, बरं का.

राजानं नवा नियम काढला की वर्षातून एकदा प्रत्येक ठिकाणी दवंडी पिटायची. मग राणोजी दवंडीवाला डफ घेऊन होडीतून बेटावर गेला. मोकळ्या किनाऱ्यावर उभा राहून ओरडला, "ऐका हो ऐका! कुणी विनापरवाना झाडं तोडू नयेत हो!" हसू नका. हुकूम तो हुकूम. मग त्यानं रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, "कुणाची काही तक्रार?" तक्रार करायला होतं कोण! मग त्यानं डफ काखोटीला मारला आणि होडीत चढताना सवयीनं म्हणाला, "येतो हं."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत ना? तसंच. पण बेटाला ही रीत काय ठाऊक! त्याला आजवर कुणी असं म्हटलंच नव्हतं. त्याला ते खरंच वाटलं. मग ते वाट बघत बसलं. सहा महिने उजेडात, सहा महिने अंधारात. फार कठीण असतं रे ते.

दुसऱ्या वर्षी राणोजी दिसला आणि बेटाला आनंद मावेना. त्यानं डोक्यातून धूर सोडला. राणोजीला वाटलं, ढग आलेत. मग बेट आनंदानं थरथरलं. होडीवाले घाबरले, राणोजीला ओढत होडीत घातलं आणि पळाले. तरी तो लांबून ओरडलाच, "येतो हं!"

कारभाऱ्यांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, "माणूस नाही काणूस नाही, वर हलतंय! आता शेवटची दवंडी. पुढच्या वर्षीपासून तिकडं कुणी जायचं नाही."

मग तिसऱ्या वर्षी राणोजी गेला. त्याची बायको वारली होती, घरी "आलात का?" विचारायला कुणी नव्हतं. त्यानं डफ वाजवला, शेवटचा हुकूम सांगितला. मग विचारलं, "कुणाची काही तक्रार?" एकदा. दोनदा. तीनदा.

बेटाला केवढं ओरडायचं होतं! पण मागल्या खेपेला आपण हललो आणि हा गेला, हे त्याच्या मनात होतं. मग त्यानं पोटातली सगळी आग आवरून धरली. फक्त राणोजीच्या पायाखालची वाळू ऊन केली. दोन पावलांपुरतीच.

होडीवाले हाका मारत होते. राणोजी वळला, पण तोंडातून शब्द निघेना. 'येतो' म्हणावं तर खोटं. 'जातो' म्हणावं तर जीभ रेटेना. आणि पाय तर उबेत. तेव्हा त्याला कळलं, कुणीतरी आपली वाट बघत होतं. तो मटकन वाळूत बसला आणि रडला.

मग डोळे पुसून होडीवाल्यांना म्हणाला, "कारभाऱ्यांना सांगा, बेटावर तक्रार आहे. तक्रार राणोजीची, राहणार इथलाच."

रहिवाशाची तक्रार कारभाऱ्यानं स्वतः येऊन ऐकायची, असाही नियम होता. मग आले तिमाजीपंत, वाटभर ओकत! "काय रे तक्रार?"

राणोजी म्हणाला, "इथं कुणी येत नाही, पंत."

पंतांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नुसता वारा. त्यांनाही गलबलून आलं. पण गाव वसवावं तर दाणा पिकत नाही. मग त्यांनी हुकूम काढला. चार माणसांनी बेटावर राहायचं, वारा-ढग बघायचे आणि समुद्रातल्या जहाजांना कळवायचं. दुसरी चार आल्याशिवाय पहिल्यांनी निघायचं नाही.

तसं झालं. राणोजी तिथंच राहिला, सगळ्यांना रांधून घालू लागला. सगळी सुखी झाली. बेटाला अजून हुरहूर लागते, चार निघाली की. पण एकटं नसतं ते.

झोपलास का दिगू? झोपला.

तू का जागी गं वसू? बाबांचं जहाज? नाही, ते तिकडून नाही जात. मलाही येते गं त्यांची आठवण, रोज येते. पण त्यांच्या वाटेवरही अशी माणसं बसलेली असतात कुठं कुठं, वारा बघत. आज समुद्र शांत आहे, असं कळवलंय त्या माणसांनी. मीट डोळे.