रेगेबाईंची किल्ली

"म्हणजे किल्ली देणारच नाही तुम्ही?"

"नाही."

"बाई, मी मागतोय. श्रीरंग. कुणी परका नव्हे."

"कान शाबूत आहेत माझे. नाही म्हटलं ना?"

मी तिथेच ओट्यावर बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. श्रीरंग आणि मी, दोघंही पॉलिटेक्निकमध्ये रेगेबाईंच्या हाताखाली शिकलो. निवृत्तीनंतर बाई वेंगुर्ल्याला परतल्या आणि घरबसल्या त्यांनी 'ठिपका' नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला. रक्ताच्या पिशवीवरचं लेबल वाचायचं आणि गट कोणता, मुदत संपली का, ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, वापरावा. कुठल्या कुठल्या रक्तपेढ्यांत तो पोचलाय, ते बाईंनाही धड माहीत नाही.

किल्ली म्हणजे पेनड्राइव्हएवढी वस्तू. बाईंच्या कमरेला, कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असते. ती ज्याच्या हातात, तो 'ठिपक्या'ची नवी आवृत्ती सोडणार. आणि त्याने सोडली की ती सगळ्या रक्तपेढ्यांच्या कॉम्प्युटरांत आपोआप शिरणार.

श्रीरंग आता मोठ्या कंपनीत सुरक्षाप्रमुख. अशा फुकटच्या प्रोग्रॅममध्ये धोका किती, ते ठरवणारा. किल्ली घेऊनच येतो, असं साहेबांना सांगून आला होता. बढती त्यावरच अडली होती.

"हा बघा अहवाल. वापरणारे भरपूर. ज्ञात दोष एकही नाही. पण सांभाळणारी व्यक्ती एकच, वय सत्तरीच्या पुढे. धोका मोठा."

"म्हातारी मरायला टेकली, असं सरळ लिही की."

"चेष्टा नको, बाई. उद्या तुम्हाला काही झालं तर? दमला आहात तुम्ही. किल्ली माझ्याकडे द्या, विश्रांती घ्या. नाहीतर मला 'ठिपका' धोकादायक म्हणून लिहावा लागेल. लोक काढून टाकतील."

"खुशाल लिही. घाबरते की काय मी?"

मला त्याचा संताप आला. आणि खरं सांगते, थोडं पटलंही.

बाईंनी कमरेचा जुडगा काढला. त्यातून किल्ली सोडवली आणि ओट्यावर ठेवली.

श्रीरंगचा चेहरा उजळला. त्याने हात पुढे केला...

बाईंनी माझ्यापुढची सालींची ताटली उचलली, साली अंगणात भिरकावल्या आणि ताटली किल्लीवर पालथी घातली. वर हात ठेवला.

"एक माणूस मला कधीपासून मेल पाठवतोय," त्या म्हणाल्या. "फार गोड. बारीकसारीक दुरुस्त्या करून देतो, गुडघे कसे आहेत विचारतो. तोंड कुणी पाहिलेलं नाही त्याचं. परवा लिहिलं त्याने. दमला आहात तुम्ही, किल्ली माझ्याकडे द्या, विश्रांती घ्या."

श्रीरंगने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुझंच वाक्य. जसंच्या तसं."

"तो चोर असेल! मी तुमचा विद्यार्थी आहे!"

"म्हणून तर द्यायला निघाले होते. त्याला दिली नसती." बाईंनी अहवालावर बोट ठेवलं. "यात ह्या धोक्याचं नाव कुठाय?"

"कोणत्या?"

"तुझ्या."

तो ताडकन उठला. चपलेत पाय घालता घालता वळला.

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? तुमच्यावर?"

"माझ्यावर कशाला? मी काय देव आहे? उघडा पडलाय सगळा 'ठिपका'. वाचलास?"

"तपासला. यंत्राने—"

"वाचलास का?"

"एवढे लोक वापरतात, बाई! कुणीतरी वाचलाच असेल."

"ते सगळे हेच म्हणत असतील." बाईंनी ताटलीवरचा हात काढला नाही. "बैस. वाच."

मला वाटलं, हा आता जाणार. पण गडी पहिल्यापासून हट्टी. लॅपटॉप उघडून बसला, बाईंवरचा राग डोळ्यांत तसाच. एक ओळ, दुसरी ओळ... माझे वाल सोलून झाले, ओलं खोबरं वाटून झालं, तरी मान वर नाही.

मग तो थांबला.

"बाई..."

"काय?"

"मुदतीची तारीख कोरी असेल तर..."

"तर?"

"तर 'ठिपका' पिशवी चालेल म्हणतो."

बाई उठून त्याच्या मागे गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. ती ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. चेहरा पार उतरला त्यांचा. असा मी तो कधी पाहिला नव्हता.

"मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "देवा रे..."

कुठल्या गावात, कुठल्या खाटेवर अशी पिशवी लागली असेल, हेच तिघांच्या मनात.

श्रीरंग उभा राहिला. आता त्याचं पारडं जड होतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

"बघितलंत? चूक तुमची, सापडली मला. आता तरी द्या किल्ली. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून सोडतो."

बाईंनी ताटली उचलली. किल्ली घेतली, जुडग्यात ओवली आणि जुडगा कमरेला खोचला.

"माझी चूक तू वाचलीस. तुझी दुरुस्ती मी वाचणार. पाठव."