सटवाजीचं कवन आणि गिरजाचं पोर

ऐका मंडळी, या मुलखात आगगाडी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. बोरवंड गावात सटवाजी नावाचा शाहीर होता. त्याची डफावर थाप पडली की दावणीचे बैल माना डोलवायचे, असं म्हणतात.

चैत्रातल्या जत्रेत बोरवंड आणि शेजारच्या हिवरीचा सामना व्हायचा. कवन नवंकोरं हवं, कुणी कधी न ऐकलेलं. हरेल त्या गावानं आपला डफ जिंकणाऱ्याला देऊन टाकायचा! बोरवंडचा डफ सटवाजीच्या आज्यापासूनचा होता.

एका वर्षी जत्रा आठ दिवसांवर आली तरी सटवाजीला ओळ सुचेना. पाटलांनी दवंडी पिटली, शाहिराला सुचेपर्यंत गावात कुणी आवाज करायचा नाही. काय ते शहाणपण! लोहारानं घण ठेवला, तेल्यानं घाणा सोडला. जात्याची घरघर नको म्हणून बायकांनी भाकरीऐवजी घुगऱ्या शिजवल्या. कुंभाराच्या गिरजाचं तान्हं सारखं रडायचं, तर तिला पोरासकट माळावरच्या खोपीत धाडलं. गाव इतकं गप्प झालं की मुंग्यांची पावलं ऐकू यायची, असं म्हणतात. आणि सटवाजी? त्याला होती ती कवनंही आठवेनात.

जत्रेत हिवरीकर दणकून गायले. सटवाजी उभा राहिला, डफावर थाप मारली आणि तिथंच अडला. हिवरीच्या शाहिरानं डफासाठी हात पुढे केला. तेवढ्यात गिरजा माळ उतरून आली. तिला एकटीला राहवेना. काखेतल्या पोरानं टाहो फोडला.

"अगं, गप कर त्येला!" पाटील खेकसले.

"नगं, नगं!" सटवाजी ओरडला. "रडू द्या! आठ दिसांनी गावात कायतरी ऐकू आलंय!"

त्यानं त्या रडण्यावरच ठेका धरला आणि कवन सुटलं! कशाचं? पोर खांद्यावर घेऊन गिरजानं माळावर एकटीनं काढलेल्या आठ दिवसांचं. गावाच्या माना खाली गेल्या. लोहार धावत जाऊन ऐरणीवर ताल देऊ लागला, विहिरीचं पाणी काठापर्यंत चढलं आणि हिवरीच्या शाहिरानं हार मानून आपला डफ तर दिलाच, वर स्वतःच्या फेट्याचा तुरा सटवाजीच्या फेट्यात खोवला, असं म्हणतात. पोर तोवर गाढ झोपलं होतं.

आजही बोरवंडच्या जत्रेत 'गप बस' म्हणायची बंदी आहे. नवं कवन गायच्या आधी सटवाजीचं नाव घेऊन शाहीर विचारतो, "तान्हं कुणाचं हाय?" मग त्या आईला अगदी पुढे बसवतात, पाटलांच्याही पुढे.