विदरफेनची नावाडीण मर्वेन

मंडळी, ही गोष्ट आपल्या मुलखातली नाही. फार मागे, समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकून घेतलं, त्यानंतरच्या काळातली आहे. लोकरीच्या व्यापारात चार मुलखांचे लोक भेटतात, माल दाखवता दाखवता गोष्टी सांगतात. ही त्यांतलीच एक. ऐकली तशी सांगतो.

विदरफेन नावाचं गाव होतं. गाव कसलं, दलदलीतून वर आलेला मातीचा उंचवटा. चहूकडे लव्हाळी, काळं पाणी आणि धुकं. लोक वाम मासे धरायचे आणि उंचवट्यावर जव पिकवायचे. पलीकडच्या काठाला जायला एकच सपाट होडी होती, घोडा उभा राहील एवढी रुंद, आणि ती चालवायची मर्वेन. नवरा लढाईत गेला तेव्हा वल्हं तिच्या हातात आलं. असं म्हणतात, की धुक्यात पुढचं काही दिसत नसलं तरी ती नुसत्या वासावरून पाण्याची खोली सांगायची.

तिला एकच मुलगा, टोव्ही. नॉर्मनांविरुद्ध बंड उठलं तेव्हा तो मिशी फुटायच्या वयात उत्तरेकडे पळाला, आणि मग त्याची खबर नाही. मर्वेन कुणापाशी रडली नाही. पलीकडून कुणी हाक मारली, की बाकीचे ओळखायच्या आत ती वल्हं उचलायची, एवढंच.

आता तिकडचा एक कायदा सांगायला हवा, त्यावाचून गोष्ट कळायची नाही. नॉर्मन मूठभर आणि इंग्रज पुष्कळ. आपली माणसं एकेकटी गाठून मारली जातात, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी ठरवलं, की कुठेही खून झालेलं प्रेत सापडलं आणि मारणारा सापडला नाही, तर ते नॉर्मनाचं धरायचं आणि त्या मुलखाकडून दंड घ्यायचा. सुटका एकच. मेलेल्याच्या नात्यातल्यांनी पुढे येऊन शपथेवर सांगायचं, हा आमचा, इंग्रज आहे. विदरफेनसारख्या गावात दंड म्हणजे नांगराचे बैल. बैल गेले की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की पोरं पुरायची तयारी.

एका हिवाळ्याच्या तोंडाला लव्हाळ्यात तसं प्रेत सापडलं. अंगावर चिंधी नाही, पाठीत सुरीची जखम, आणि चेहरा वामांनी खाल्लेला. कोण, कुठला, कळायला मार्ग नाही.

टेकाडावरच्या गढीत ओडार्ड नावाचा नॉर्मन सरदार राहायचा. गढीचा खंदक खणायला त्याला गावचे बैल कधीपासून हवे होते, आणि दंडाची वसुली त्याच्याच हातात होती. गावाने काय ते ओळखलं. ज्या घरातला माणूस बेपत्ता आहे असं घर गावात एकच होतं, पण ते तोंडाने कुणी बोलेना. शेवटी गावचा कारभारी ओसगर मर्वेनच्या दारात जाऊन उभा राहिला. तो तिचा धाकटा दीर.

"उंबऱ्यात चिखल गाळत काय उभा आहेस?" ती म्हणाली. "पाय पूस आणि आत ये."

"वहिनी, माझी जीभ वळत नाही."

"गावजेवणात बरी वळते. बोल."

ओसगर पायच पुसत राहिला. तीच म्हणाली, "तो टोव्ही आहे असं मी म्हणायचं, आणि तू आणि तुझे दोघे चुलतभाऊ साक्ष देणार. असंच ना?"

"खोटी शपथ निघाली तर आमचे हात तोडतील, ते आम्ही बघू. पण वहिनी, पोर परत आलं तर?"

"तर मला त्याला ओळखता येणार नाही."

"एवढं सोपं आहे ते?"

"सोपं आहे असं कोण म्हणालं? बैल गोठ्यात ठेव, जा."

तिने ते प्रेत आपल्या हाताने धुतलं. ओडार्डच्या गढीसमोर राजाचा न्यायाधीश येऊन बसला, तेव्हा संतांच्या अस्थींवर हात ठेवून ती म्हणाली, हा माझा टोव्ही. साक्षीदारांनी शपथा घेतल्या. आता ओडार्ड आडवा येणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो म्हणाला, "आईपेक्षा कोण जास्त ओळखणार? पुरून टाका." आणि घोडा वळवून निघूनही गेला.

भाव न करता माल उचलणारं गिऱ्हाईक आलं, की मी नाणं दोनदा वाजवून बघतो. विदरफेनच्या लोकांना मात्र सुटकेच्या आनंदात तेवढं सुचलं नाही. पाद्र्याने टोव्हीच्या नावाने घंटा वाजवली, चर्चमागे माती लोटली, आणि वसंतात पेरणी झाली. मर्वेन सुतक पाळून बसली. असं म्हणतात, की घंटा वाजत होती तेव्हा होडी दोर सोडून आपसूक पाण्यात गेली आणि मधोमध उभी राहिली. तिला परत आणायला दोन गडी लागले.

काही वर्षं गेली. एका वसंतात भर सकाळी पलीकडून हाक आली. "आई, होडी आण."

मर्वेन वल्ह्याशी पोचायच्या आत ओडार्डचे घोडेस्वार होडी घेऊन पलीकडे गेले होते. त्यांनी त्याला बांधून अलीकडे आणलं. रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेला माणूस. ओडार्ड स्वतः धावत खाली आला, इतका घाईत की डोक्यावर टोपी नव्हती. त्याने गाव गोळा करायला लावला.

तो माणूस हसत होता. "आई, यांना सांग ना मी कोण ते. आणि तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"बाई," ओडार्ड म्हणाला, "तुझा मुलगा तर पुरलेला आहे. साक्षीदार इथेच उभे आहेत. मग हा कोण? ओळखतेस?"

ओसगरने दोन्ही हात बगलेत धरले होते. बायका पोरांना जवळ ओढून खाली बघत होत्या. मर्वेनने मुलाकडे बघितलं. असं म्हणतात, की तेवढा वेळ दलदलीतला एक पक्षी बोलला नाही.

"माझा मुलगा चर्चमागे आहे," ती म्हणाली. "याला मी ओळखत नाही."

टोव्हीचं हसू थांबलं. त्याने आईकडे बघितलं, मग काकाच्या हातांकडे, मग एकेका चेहऱ्याकडे. सगळं नाही, पण पुरेसं त्याला कळलं असावं.

"चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं हे माझं गाव. दलदलीत सगळे काठ सारखेच दिसतात."

ओडार्डने त्याला बेवारशी बंडखोर ठरवून दुपारीच काठावरच्या विलोच्या झाडाला फाशी दिली. मर्वेनने झाडाकडे पाठ केली नाही.

त्यानंतर ती दिवसचे दिवस होडीत बसून असायची. लोकांना वाटलं, डोकं गेलं. पण ती विचार करत होती. ओडार्डला बैल हवे होते. टोव्ही जिवंत ठरला असता तर जुनी शपथ खोटी पडून बैल आयते त्याच्या हाती आले असते. मग तो माझं पोर बघून खूश व्हायच्या ऐवजी घाबरला का? कबरीतला माणूस टोव्हीच राहावा अशी गरज माझ्याहून त्याला जास्त का?

मग तिला ती शरदातली संध्याकाळ आठवली, प्रेत सापडण्याआधीची. ओडार्ड आणि त्याचा थोरला भाऊ गिरार, गढीचा खरा मालक, दोघांना तिनेच पलीकडे नेलं होतं. परत आला एकटा ओडार्ड. म्हणाला, भाऊ बंदराकडे गेला, आता मायदेशी, नॉर्मंडीतच राहणार. गढीत तेच सांगितलं, आणि सगळ्यांनी मानलं. पण परत येताना होडीत घोडे दोन होते. बंदर तिथून चार दिवसांच्या वाटेवर, आणि वाट सगळी चिखलाची. पायी कोण जाईल?

ती पाद्र्याकडे गेली नाही, न्यायाधीशाकडेही नाही. इंग्रज नावाडणीचं कोण ऐकणार? तिने होडी धुऊन ठेवली आणि वाट बघितली.

एका दाट धुक्याच्या सकाळी ओडार्डला पलीकडे जायचं होतं. तो एकटाच चढला. गाव जाळी घेऊन काठावर होतं. होडी दिसेनाशी झाली, पण धुक्यात आवाज लांब येतो, आणि त्या दिवशी तो शेजारी बसून बोलावं तसा आला, असं म्हणतात.

"साहेब, तुमच्या भावाचा घोडा अजून आहे का?"

"वल्हं मार, म्हातारे."

"मारते. मी त्याला धुतलं, तुमच्या भावाला. आईसारखं धुतलं. आता तुम्ही सांगा, गिरारला कुणी मारलं?"

वल्ह्याचा आवाज थांबला. मग ओडार्ड म्हणाला, "तू माझ्यावर उपकार केलेस, बाई. तुझ्या शपथेने मी वाचलो. आता काय, सांगणार आहेस कुणाला?"

"सांगून झालं. सगळे काठावर ऐकताहेत."

होडी हलल्याचा आवाज आला, घोटाभर पाणी आत आल्यासारखा. आणि मग तिचा आवाज, अगदी शांत. "ओसगर, नीट ऐक आणि न्यायाधीशाला नीट सांग. ओडार्डला मर्वेनने मारलं. दुसऱ्या कुणी नाही. गावाकडे दंड मागायचा नाही."

धुकं उठलं तेव्हा होडी उलटी झालेली होती. चिलखतासकट ओडार्ड तळाशी सापडला. मर्वेन सापडली नाही, आजतागायत नाही. न्यायाधीश आला. पाद्र्यासह साऱ्या गावाने एकच जबानी दिली. दोन्ही खुनांचे मारणारे ठाऊक, तेव्हा दंड बसला नाही आणि बैल राहिले. ओसगर आणि त्याच्या चुलतभावांच्या खोट्या शपथेचं काय झालं, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. काही म्हणतात हात तुटले, काही म्हणतात दूरच्या यात्रेवर धाडलं. टोव्हीला मात्र त्याच्या नावाने, नव्याने पुरलं.

तिथले लोक सांगतात, तेव्हापासून वसंतात, टोव्ही परतला त्या तारखेला सारं गाव काठावर जमतं. पलीकडच्या काठावर एक माणूस उभा करतात, शक्यतो परगावचा, गावात कुणाच्या ओळखीचा नाही असा. तो होडीसाठी हाक मारतो. अलीकडे गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला पुढे आणतात आणि विचारतात, हा कोण, ओळखतेस?

ती म्हणते, "माझा आहे."

मग होडी सोडतात.