भिवराआत्याची पात

खुरपी खाली ठेवा. हो, सगळ्यांनीच. पहिली पात पुढे सरकल्याशिवाय ह्या कुसळवाडीत कोणी गवताला हात लावत नाही, आणि आज पहिली पात वैजूची आहे. गेल्या उन्हाळ्यात सून म्हणून आली ती, डावा पाय लुळा आणि डावा हात अर्धाच चालणारी. आज ती आयुष्यात पहिल्यांदा खुरपायला बसली आहे. ती त्या बोरीपाशी पोचेपर्यंत आपण थांबायचं, आणि थांबलेल्यांनी गोष्ट ऐकायची, असा रिवाज आहे. तेव्हा चुळबुळ पुरे. धीर मलाही धरवत नाही, पण ऐका.

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणजीच्या पणजीला दात यायचे होते तेव्हा, ह्या गावात लिंबाजी नावाचा शेतकरी होता. त्याच्या घरी त्याची बहीण राहायची, भिवरा. तिचे दोन्ही पाय जन्मापासून काडीसारखे. उभं राहणं तिला ठाऊक नव्हतं, पण स्वस्थ बसणंही ठाऊक नव्हतं. माणसांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या हातांना होती. हातांनी रेटा देत ती घरभर सरकायची, चुलीपासून जात्यापर्यंत, जात्यापासून गोठ्यापर्यंत. वाती वळायची, आणि काम संपलं की वळलेल्या वाती उलगडून पुन्हा वळायची.

गाव वाईट नव्हतं. हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही उगाच दातओठ खाल. गावाला तिची दया यायची. ती घागरीला हात लावायला गेली की, "भिवरा, तू बस." लग्नाघरी तांदूळ निवडायला सरसावली की, "अगं तू बस गं, पोरी करतील." आणि वर पहिलं ताट तिलाच आणून द्यायचे. दिवसाकाठी शंभर वेळा तिला 'बस' म्हणायचे, असं म्हणतात. शंभर वेळा गोड भरवलं तरी ओकारी येते की नाही? भिवराच्या पोटात त्या एका शब्दाचा गोळा झाला होता.

इर्जिक तेव्हाही होती. आज एकाच्या शेतात सगळ्या गावानं राबायचं, राबणाऱ्यांना त्या घरचं जेवण, उद्या दुसऱ्याचं शेत. नियम एवढाच, की ज्या घरचं माणूस इर्जिकीला येईल त्याच घरच्या शेतात इर्जिक जाईल. एका साली ऐन खुरपणीत लिंबाजी तापानं अंथरुणाला खिळला. बायको बाळंतीण. शेतात गवत ज्वारीच्या कमरेला लागलं, आणि घरातून पाठवायला माणूस नाही.

इर्जिकीची सूत्रं हैबतराव पाटलाकडे असायची. मनाचा मोठा माणूस. तो घरी येऊन म्हणाला, "लिंबाजी, काळजी करू नगंस. तुजं शेत आमी तसंच काढून देऊ."

"तसंच म्हंजी?" आतून भिवरा म्हणाली. "आमच्या घरचं माणूस यील की."

"कोण येनार?"

"मी."

पाटील हसला. वाईट नाही, लेकराला हसावं तसा. "तू बस, पोरी."

तेव्हा भिवरा जे बोलली ते आपल्या गावात तान्ह्या पोरालाही पाठ आहे. ती म्हणाली, "तात्या, मला ताट नगं. पात द्या."

खुरपणाऱ्याच्या वाट्याला आलेली गवताची पट्टी म्हणजे पात. दुसरं काही नाही. पण ती मागताना भिवराचा आवाज असा फुटला, की पाटील 'उद्याचं उद्या बघू' म्हणत उठून गेला. 

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत ती निघाली. फुटक्या मोटेचं कातडं बुडाखाली बांधलं, खुरपं दातात धरलं आणि हात रेटत पाटलाच्या शेताची वाट धरली; त्या दिवशीची इर्जिक तिथंच होती. वाट कसली, नुसते धोंडे. जो धोंडा आडवा आला तो तिनं बाजूला लोटला. मागून येणाऱ्या बैलांना त्या दिवशी वाट ओळखू आली नाही, इतकी ती साफ झाली होती, असं म्हणतात. गाव पोचलं तेव्हा भिवरा बांधावर हजर, तळहात सोललेले, आणि डोळे पाटलावर.

पाटलानं तिला बांधालगतची पात दिली. तिला सऱ्या ओलांडाव्या लागू नयेत, म्हणून दया करून दिली. बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही की बांधालगत हरळी माजलेली असते, आणि हरळी उपटताना भलेभले रडतात.  मग बायांनी पदर खोचले आणि आपापल्या पातीत खाली बसल्या.

खाली बसल्या! आलं का ध्यानात? त्यांच्याही तेव्हाच आलं. खुरपणी कोण उभ्यानं करतं? सगळं गाव खाली बसून सरकत होतं. आणि सरकण्याचा तीस वर्षांचा सराव असलेली गावातली एकुलती एक बाई ह्या शहाण्यांनी आजवर घरात बसवून ठेवली होती. मला तर ह्या ठिकाणी दर वर्षी त्यांचा राग येतो.

पुढचं मी शपथेवर सांगत नाही, म्हणतात ते सांगते. भिवरा हरळीला भिडली ती मान खाली घालूनच. दुपारी भाकरीची हाक आली, बाया उठल्या, ही उठायची कुठून? पाटलाचं शेत संपलं, तिनं बांध ओलांडला. शेजारचं संपलं, पुढचा बांध. भावाचं शेत लागलं, तेही साफ केलं आणि थांबली नाही. सूर्य टेकडीवर टेकला आणि तिच्याकडे बघता बघता उतरायचं विसरला. खुरपं झिजून बाभळीच्या काट्याएवढं उरलं. शेवटी पाटील पागोटं सावरत बांधाबांधानं धावत आला. "आत्या! बस! अगं, आता बस!"

लिंबाजीची पोरं तिला आत्या म्हणायची. पाटलाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला.

भिवरानं मान वर केली. "बसल्येलीच हाय की वो, तात्या. जल्मापास्नं."

आणि पुन्हा खुरपं चाललं.

त्या संध्याकाळी ती पंगतीच्या मधोमध जेवली. चौदा भाकरी खाल्ल्या, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

पुढे तिच्या मागोमाग बाकीचे आले. वरच्या आळीचा आंधळा गोंदा आला. त्याच्या पातीला तिनं कडेनं दोरी ताणून दिली, आणि गवत कुठलं, ज्वारी कुठली, हे त्याची बोटं सांगायची. बहिरी तुळसा आली. तिला भाकरीची हाक ऐकू जाईना, म्हणून हाकेऐवजी काठीला तांबडं फडकं बांधलं. ते तिकडे बांधावर दिसतंय ना, तेच. 'तुला काय येत नाही?' असं आत्यानं कुणाला विचारलं नाही. ती विचारायची, "तुजं अडतं कुठं?" आणि जिथं अडायचं तिथला धोंडा ती हटवायची. देवळाची पायरीसुद्धा तिनं भांडभांडून उतरती करून घेतली.

आत्या मेली नाही, असं म्हणतात. एका सकाळी पात संपवून ती शिवेचा बांध ओलांडून गेली. पलीकडच्या गावात कुणी कुणाला 'तू बस' म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. कातड्यानं घासलेल्या तिच्या वाटेवर अजून कुसळ उगवत नाही, आणि त्या वाटेनं जाणारा दिसेल तो धोंडा बाजूला सारूनच पुढे जातो. आपल्या गावात पाहुण्यालाही आपण 'या, बसा' म्हणत नाही. 'या, हे घ्या' म्हणतो आणि सोलायच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे सरकवतो. जावई रुसतात. रुसू देत.

आणि इर्जिकीत बांधालगतची पात आत्याची. जो सगळ्यात सावकाश सरकतो, त्यानं ती धरायची आणि आधी निघायचं. मग शेवटच्या बांधाला सगळे एकदमच पोचतात.

वैजूला माहेरी कुणी खुरपं धरू दिलं नव्हतं. काल तिनं मला तीनदा विचारलं, "आजी, मला जमंल का वो?" मी म्हटलं, "मी काय जोशी आहे? पात धर, कळेल." सकाळी दोनदा खुरपं पडलं तिच्या हातातून. म्हणून मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. कुठवर आली, बघा बरं कोणीतरी.

काय? बोर मागे टाकली? केव्हाच?

थांबा, काहीतरी ओरडतेय. मागे वळून, खुरपं उंच धरून, आपल्यालाच ओरडतेय ती.

"अवो, बसलाय काय समदी? या की!"